आठ खोल्या, एक चूल

भिलाईत माझं नाव मंगळवार होतं. आईवडिलांनी ठेवलेलं नाव वेगळंच होतं, पण तिथे ते कोणी वापरलंच नाही. सुपेला गावाच्या अलीकडे, रेल्वेच्या रुळांना लागून, आठ कौलारू खोल्यांची एक ओळ होती. तिला सगळे लाईन म्हणायचे. त्या लाईनीत आम्ही सात बिऱ्हाडं राहायचो, सगळी भंडारा-गोंदियाकडची, आणि आठव्या खोलीत मावशी एकटी. मावशी रोज एका घरी जेवायची. सोमवारी पहिल्या खोलीत, मंगळवारी आमच्याकडे, असं करत करत रविवारी सातव्या खोलीत. म्हणून बायकांची नावं लक्षात ठेवायची तिला गरजच पडली नाही. "अवो बुधवार, तुह्या घरी पाणी भरून झालं का?" "शनिवारले सांगा, तिचं दूध उतू जाऊन राहिलं." महिनाभरात आम्हीही एकमेकींना तशाच हाका मारायला लागलो. आमचे हे नव्या पोलादाच्या प्लांटात फिटरच्या हाताखाली होते. एकदा ते सोबत्याजवळ बोलून गेले, "आज मंगळवार फार तापली आहे," तर त्या भल्या माणसाने यांना मारुतीला नारळ फोडायला सांगितलं.

मावशी पन्नाशीची, हाडकुळी, आणि आवाज असा की रुळांपलीकडचा माणूस थांबून बघायचा. तिचा भाऊ रेल्वेच्या दुर्ग मार्गावर गँगमन होता. त्याच्याबरोबर ती इकडे आली. भाऊ तापाने गेला, भावजय माहेरी निघून गेली, आणि मावशी खोली धरून राहिली. ती वाकळा शिवायची. कॅम्पातल्या, म्हणजे प्लांटाच्या वस्तीतल्या, मजुरांना थंडीत वाकळ लागायचीच, त्यावर तिच्या खोलीचं भाडं निघायचं. आमच्या सातही घरच्या वाकळा तिच्याच हातच्या होत्या. त्यामुळे आपण कोणाचं फुकट खातो असं तिला कधी वाटलं नाही, आणि आम्हाला वाटलं असतं तर तिने ते वाटू दिलं नसतं.

तिच्या खोलीत चूल होती, पण भाऊ गेल्यापासून ती पेटलेली कोणी पाहिली नव्हती. मी नवी असताना विचारलं, तर म्हणाली, "एकटीच्या जिवासाठी चूल कावून पेटवावी वो?" मला ते फार पटलं. वाईटही वाटलं. पण त्याच दुपारी तिने माझ्या वरणाचा पहिला घास घेतला आणि म्हणाली, "मंगळवार, मीठ कमी हाये." आणि माझं वाईट वाटणं तिथल्या तिथे संपलं.

हे दर आठवड्याला. मी मीठ वाढवून पाहिलं, मोजून पाहिलं, एकदा रागाने मूठभर घातलं. आमच्या यांनी घास तोंडातून परत काढला, पण मावशी म्हणाली, "मीठ कमी हाये." बुधवारची भाकर कडक असायची, शुक्रवारचा भात गिच्च, रविवारच्या मटणात रस्साच जास्त. सातही घरच्या स्वयंपाकातल्या चुका तिला तोंडपाठ होत्या. इतकी खोट काढणारी बाई स्वतः किती सुगरण असेल, असं आम्ही कौतुकाने बोलायचो, आणि मग मनातल्या मनात तिला शिव्या द्यायचो.

लाईन पाडणार, ही बातमी मावशीनेच आणली. तेव्हा भिलाईत रोज काही ना काही उभं राहत होतं नाहीतर पाडलं जात होतं. सकाळी बघितलेलं शेत संध्याकाळी लाल मुरुमाचा रस्ता झालेलं असायचं. आता तसाच एक रुंद रस्ता आमच्या लाईनीवरून जाणार होता. लाईनीचा मालक दुर्गचा एक धान्याचा शेठ होता, त्याने जागा देऊन टाकली होती. पण जागेचं काम बघणाऱ्या ऑफिसाने सांगितलं होतं की जी कुटुंबं इथे राहतात, त्यांना कॅम्पात एकेक क्वार्टर मिळेल, भाडं जुनंच. या दोन शब्दांवर आम्ही तरंगत होतो, कारण बाहेर सुपेल्यात तोवर गुरांच्या गोठ्यालाही लोक खोली म्हणून भाडं मागायला लागले होते. आमच्यासारख्यांना तिथे पाय ठेवणं शक्य नव्हतं. मावशीला तर नाहीच. तिचा एक लांबचा भाचा गावाकडे होता, पण त्याच्या बायकोने मावशीचा भाऊ गेला तेव्हाच कळवलं होतं की आमच्याकडे जागा नाही.

कुटुंबं मोजायला एक बाबू येणार होता. साहेब येणार म्हटल्यावर आमच्या बायकांनी काय करावं? लाईन पाडायला निघालेल्या माणसासाठी आम्ही लाईन सारवायला घेतली. छत्तीसगढी बाया डोक्यावर पाटी घेऊन पांढरी छुही माती विकायला यायच्या, त्यांच्याकडून सगळ्यांनी माती घेतली. भिंती पोतल्या, अंगणं सारवली, आणि शेवटी चुली. प्रत्येक घरची चूल अशी पांढरीशुभ्र केली की तिच्यावर भांडं ठेवायची लाज वाटावी. ओली चूल पेटवली तर तडकते, म्हणून त्या दिवशीचा स्वयंपाक बाहेर अंगणात एकत्र करायचा ठरलं. आणि साहेब जेवायच्या वेळेला येणार, तर लांब रोट्याच हव्या. आमच्याकडे पाहुण्याला लांब रोटी खाऊ घातली म्हणजे मान झाला. मातीचं मडकं जाळावर पालथं घालायचं, सैल कणीक आपटून आपटून कोपरापर्यंत हातावर लांबवायची आणि मडक्यावर टाकायची. हे एकटीचं काम नाहीच. दोघी कणीक आपटतात, एक लांबवते, एक जाळ सांभाळते. मावशी पाटावर बसून चौघींनाही ओरडत होती.

बाबू सायकलवरून आला. जबलपूरकडचा, बारीक, चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली. आम्हाला माहीत नव्हतं, पण त्याच्या डोक्यात एक नियम पक्का बसवलेला होता. दुसऱ्या एका वस्तीत लोकांनी जास्तीची क्वार्टरं मिळवायला तीन तीन विटा मांडून खोट्या चुली उभ्या केल्या होत्या. तेव्हापासून ऑफिसात ठरलं होतं की चूल मोजायची ती पेटलेलीच. जेवढ्या पेटलेल्या चुली, तेवढी कुटुंबं.

त्याने सगळ्या खोल्या पाहिल्या. आम्ही अभिमानाने एकेक गार, पांढरी चूल दाखवली. मग तो अंगणात आला आणि मडक्याखालचा जाळ बघून त्याने विचारलं, "सबका खाना यहीं बनता है?"

माझं हिंदी लाईनीत सगळ्यात बरं समजलं जायचं. मी पुढे झाले. "और क्या जी! सबका यहीं."

"सब एक ही परिवार के हो?"

आता सांगा, असं कोणी प्रेमाने विचारलं तर माणूस काय म्हणेल? मी छाती फुगवून म्हणाले, "एकदम एकच परिवार! कोई फरक नहीं है जी."

"और मुखिया?"

सगळ्यांनी कणकेच्या हातांनी मावशीकडे बोट दाखवलं. बाबूने ते लिहून घेतलं. वांग्याच्या भाजीबरोबर तीन लांब रोट्या खाल्ल्या, हात धुतले, आणि गेला. मावशी म्हणाली, "माणूस चांगला हाये. पण रोटी जाड झाली व्हती."

आठ दिवसांनी ऑफिसाबाहेर यादी लागली. आमचे हे वाचून आले आणि दारातच बसले. आठ खोल्या, चूल एक, कुटुंब एक, क्वार्टर एक. मुखिया मावशी. आणि खाली आम्हा सातही जणींची नोंद: सुना.

पहिल्यांदा आम्ही हसलो. खरंच सांगते, पोट धरून हसलो. मावशी तर दोन तास सासू झाली होती. "सोमवार, पाय दाब. गुरुवार, पदर घे." शुक्रवारने तिला वाकून नमस्कार केला आणि विचारलं की आमचे नवरे तुम्ही कोणत्या साली जन्माला घातले.

संध्याकाळी पुरुष घरी आले तेव्हा हसणं संपलं. सात बिऱ्हाडं एका खोलीत काय मावणार होती? आणि यादीप्रमाणे ती खोलीही मावशीची होती. तेव्हा माझं डोकं फिरलं. माझा स्वभाव तसाच आहे, अजून गेलेला नाही. सगळ्यांसमोर मी मावशीला म्हणाले, "पाटलीणबाईसारख्या पाटावर बसायला तुमाले कोणी सांगितलं व्हतं? तुमच्यापायी आमची घरं गेली."

एकच परिवार असं छाती फुगवून कोण म्हणालं होतं, हे मला आठवत होतं. तरी मी बोलले.

मावशी उठली, आठव्या खोलीत गेली आणि तिने दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दिसेना. दुपारी परत आली ती पायाला गुडघ्यापर्यंत लाल धूळ घेऊन. एकटी चालत ऑफिसात गेली होती. बाबूला सांगून आली होती की या माझ्या सुना नाहीत, मला कोणी नाही, ही सात वेगळी घरं आहेत, पुन्हा येऊन मोज. तो पुन्हा यायला तयार झाला होता. फक्त एवढंच म्हणाला होता की ज्याची चूल पेटलेली दिसेल आणि तिच्यावर जेवण शिजत असेल, तोच कुटुंब म्हणून लिहीन, आणि या वेळी चाखूनही बघीन.

तेव्हा कुठे आमच्या लक्षात आलं की मावशीने काय केलं होतं. यादी होती तशी राहिली असती तर तिच्या हातात क्वार्टर होतं. पुन्हा मोजणी झाली तर सात चुली पेटणार होत्या, आणि तिची चूल तर कधी पेटतच नव्हती. तिने स्वतःच्या तोंडाने स्वतःचं घर मोडलं होतं. मला तिच्या दारात जाऊन माफी मागायची होती. मी गेलेही. पण ती म्हणाली, "आज मंगळवार नोहे, कावून आली?" आणि मी तशीच परत फिरले.

मग आम्ही सातही जणींनी डोकं लढवलं. त्यात अवघड काय होतं? मावशीने चूल पेटवायची, आम्ही कोणीतरी वरण, कोणी भाजी तिच्या चुलीवर नेऊन ठेवायची, बाबू चाखेल आणि जाईल. मावशी सुगरण होतीच, पण इतक्या वर्षांनी हात बसलेला नसेल, म्हणून मदत. हे आम्ही तिला सांगितलं तेव्हा ती फाडकन म्हणाली, "माह्या चुलीवर दुसऱ्याचं भांडं चढणार नाही." आम्ही समजलो, स्वाभिमान. तिच्या खोलीतून आम्हाला तिने हाकलून दिलं.

मोजणीच्या दिवशी सातही घरांत चुली ढणढणत होत्या. एवढा जाळ मी दिवाळीलाही केला नव्हता. बाबू पहिल्या खोलीपासून निघाला. सोमवारची भाजी चाखली, माझं वरण चाखलं, आणि मान हलवून लिहीत लिहीत पुढे गेला. माझ्या वरणात मीठ बरोबर आहे का, हे मला त्याला विचारायचं होतं, पण वेळ ती नव्हती.

आठव्या खोलीतून धूर येत होता. धूर म्हणजे किती? इंजिन खोलीत शिरल्यासारखा. आम्ही सगळ्या दाराशी जमलो. आत मावशी खोकत, डोळे पुसत चुलीपुढे उकिडवी बसलेली. लाकडं ओली, आडवी-तिडवी कोंबलेली, आणि फुंकणी उलटी धरलेली. चुलीवर भाताचं पातेलं. खालचा भात करपल्याचा वास दारापर्यंत येत होता आणि वर तांदूळ जसेच्या तसे पाण्यात पोहत होते. आम्ही एकमेकींकडे पाहिलं. चार वर्षं सात घरच्या स्वयंपाकाला नावं ठेवणाऱ्या बाईला साधा भात येत नव्हता! आधी आईने केलं, मग भावजयीने केलं, आणि हिच्या हातात कायम सुई. "एकटीच्या जिवासाठी कावून पेटवावी," म्हणे. शुक्रवारने पदर तोंडात कोंबला. मला मात्र हसू येत नव्हतं. बाबू वाकून पातेल्यात बघत होता, आणि आता मावशीचं घर जाणार हे मला दिसत होतं.

बाबूने डावाने थोडा भात घेतला. तोंडात टाकला. चावला. तो चावल्याचा आवाज आम्हाला बाहेर ऐकू आला. त्याने मावशीकडे पाहिलं, मावशीने खाली पाहिलं. बोटातला पदर पिळत ती हळूच म्हणाली, "मीठ टाकाचं राहिलं, बाबूजी."

सोमवारला राहवलं नाही. "साहेब, ये रोज नहीं बनाती, लेकिन..."

बाबूने हात वर करून तिला गप्प केलं. घोटभर पाणी मागितलं, प्यायला, चष्मा पुसला. मग वहीत लिहायला लागला.

"सच्चा चूल्हा है," तो म्हणाला. "ऐसा भात कोई किसी के घर से माँगकर नहीं लाता."

आमच्यातल्या कोणाचं वरण तिथे असतं तर त्याने ते एका घासात ओळखलं असतं, कारण सात घरचं तो नुकताच चाखून आला होता. मावशीचं घर वाचवलं ते तिच्या कच्च्या भाताने. बाबू गेल्यावर तिने आमच्याकडे वळून असं पाहिलं की पुढे कित्येक वर्षं कोणी तिच्यासमोर भाताचा विषय काढला नाही.

यादीत आठ नावं लागली. लाईन पाडायच्या आधी आम्ही सामान हातगाड्यांवर घातलं. कौलं उतरवली जात असताना मी उभी राहून बघितलं, आणि मला काहीच वाटलं नाही. नव्या क्वार्टरला सिमेंटची फरशी होती, नळ अंगणाशी होता. मी रडले नाही, उलट घाई करत होते.

पण क्वार्टरं एका ओळीत मिळाली नाहीत. आम्ही कॅम्पाच्या एका टोकाला, गुरुवार दुसऱ्या रस्त्याला, आणि मावशी पार पलीकडे, जिथून पुढे शेतंच सुरू होत होती. निघताना सगळ्यांनी तिला बजावलं होतं की वार तेच, घरं तीच, फक्त चालायचं जास्त. ती हो म्हणाली होती.

पहिल्या मंगळवारी मी एका माणसाचं जास्त रांधलं. दुपार झाली, ती आली नाही. मला राग आला. नवं घर मिळालं म्हणून आता आमची गरज नाही का! दुसऱ्या मंगळवारीही आली नाही. त्याच दुपारी बाजारात सोमवार भेटली, तर मावशी तिच्याकडेही गेली नव्हती. कोणाकडेच नव्हती. मी घरी येऊन वरणाचं भांडं फडक्यात बांधलं आणि विचारत विचारत तिचं क्वार्टर शोधलं.

दार उघडंच होतं. मावशी चुलीपुढे बसली होती. चूल पेटलेली होती आणि तिच्यावर काहीच नव्हतं. मावशी आणखी वाळली होती. कोपऱ्यात पातेल्यात तोच भात, खालून काळा, वरून कच्चा.

"जेवायले कावून नाही आल्या?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कशी येऊ वो?" ती म्हणाली. "तो बाबू कधी येईन, काय सांगता येते? चूल इझलेली दिसली त घर काढून घेईन. दुसऱ्या घरी जेवताना दिसली त म्हणन, हे त त्याहीच्याच घरची हाये." मग हळूच म्हणाली, "हे दार माहं हाये, मंगळवार. भाऊ गेल्यापासून माहं म्हणावं असं काही नव्हतं."

दोन आठवडे ती बाई सरकारसाठी चूल जाळत बसली होती. मोजणी झाली म्हणजे झाली, आता कोणी येत नाही, हे मी तिला दहादा सांगितलं. तिला पटलं नाही. शेवटी मी पदर खोचला, वरण फडक्यातून सोडलं आणि तिच्या चुलीवर ठेवलं. दुसऱ्याचं भांडं तिच्या चुलीवर चढणार नाही म्हणणारी ती बाजूला सरकली. मी तिचे तांदूळ धुतले आणि ताजा भात टाकला.

"उद्या बुधवार येईन," मी म्हणाले. "परवा गुरुवार. तुमी चूल सोडून कुठी जाऊ नका. आता आमीच येत जाऊ."

"येवढ्या दूर?"

"मंग? सुना हाओत ना तुमच्या. कागदावर व्हतो."

तिने ताट ओढलं. वरणभात कालवला. मी समोर बसले होते, उन्हातून चालून आलेली, घामाने निथळलेली. तिने पहिला घास घेतला, चावला, आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "मंगळवार, मीठ कमी हाये."

आणि मला रडू फुटलं. लाईन पाडली तेव्हा नव्हतं आलं, ते सगळं तेव्हा आलं. मावशी घाबरली. म्हणाली, नाही, नाही, तेवढंही कमी नाही.